मागणं नंतर

त्या आठवड्यात नवापूरला
पांढऱ्या पोशाखातली माणसं आली,
तोंडं झाकलेली, हातांत पोती.
आमच्या शेडमध्ये चार हजार दोनशे पक्षी.
आकडा मला पाठ, कारण अंडी मीच मोजायची,
तीस-तीसच्या ट्रेमध्ये, नऊ वर्षं,
एका हातात तीन, दुसऱ्या हातात तीन.

संध्याकाळपर्यंत जेसीबीने खड्डा बुजवला.
वर चुना पसरला.
रंगावलीकडून वारा सुटला आणि तो चुना
घरातल्या भांड्यांवर, दोरीवरच्या कपड्यांवर,
पोराच्या पापण्यांवर येऊन बसला.
दानियेल पायरीवर बसून
बोटाने चुन्यात रेघा ओढत राहिला,
ओढत राहिला, पुसत राहिला.

पोल्ट्रीत कधी राबला नाहीत तर
तुम्हाला कळायचं नाही:
तिथे शांतता नसतेच.
रात्री तीनलाही एखादी कुरकुरते,
दुसरी तिला झोपेतच ओ देते.
त्या रात्री काहीच नाही.
कान दुखले. खरंच सांगते, कान दुखले.

रविवारी रूथाबाईच्या ओसरीत प्रार्थना.
एरवी बसायला जागा नसते, त्या दिवशी अकरा जण.
काही आधीच सुरतेच्या गाडीत बसले होते,
आणि पास्टर येऊ शकले नाहीत,
फाट्यावर बांबू आडवा, बांबूपाशी पोलीस.

मी यादी करून गेले होते मनात:
किराणा, पोराचा खोकला, दानियेलला दुसरं काम,
आणि हे आमच्याच वाट्याला का, तेही.
रूथाबाई म्हणाली, "मागणं नंतर.
आधी त्याला वाखाणू."

मला राग आला.
काय वाखाणायचं? चुना?

म्हातारीच्या एका डोळ्यात मोतीबिंदू.
पुस्तक उघडलंच नाही तिने.
आमच्या मावचीतच बोलू लागली,
शेजारणीशी बोलावं तशी:
मोहाला तू न मागता गोडवा देतोस.
नागलीचा दाणा केवढासा करतोस
आणि तेवढ्यात पेजेचं भांडं भरतोस.
माझा डोळा नेलास,
तरी सून कुठून येतेय ते पावलांवरून कळतं मला,
हे कान तुझे.

कोणी आमेन म्हटलं, कोणी नाक ओढलं.
मी ओठ घट्ट मिटून.

मग दानियेल.
चार दिवस ज्याने पाणीसुद्धा खुणेने मागितलं,
तो खाली बघत म्हणाला,
पिल्लू आतून चोच मारतं
तेव्हा कुठे मारायची ती जागा
त्याला तू दाखवतोस.

एवढंच.
आणि रडला, मोठ्याने, बायांसमोर.

माझं तोंड कधी उघडलं, ठाऊक नाही.
पहाटेच्या अंड्याची ऊब, मी म्हणाले.
थंडीत बोटं बधिर असताना तळहातावर यायची ती.
ती तू ठेवायचास. नऊ वर्षं.
मी नुसती मोजत गेले.

मागायचं राहूनच गेलं त्या दिवशी.
घरी आलो तेव्हा चुना होता तिथेच होता,
किराण्याचा डबा तसाच हलका.
पण मी भांडी घासायला घेतली,
आणि दानियेलने, कोणी न सांगता, खराटा.

दुसऱ्या दिवशी पहाटे सवयीने जाग आली.
रिकाम्या शेडच्या मधोमध उभी राहिले.
आ आ करून दाणा घालायची वेळ.
घशातून निघालं ते वेगळंच:
तुझी स्तुती असो.
हळू म्हणाले. मग जरा मोठ्याने.

वरच्या पत्र्याने आवाज परत दिला,
दिला त्याहून जास्त.
किती जास्त,
ते मी मोजलं नाही.