शनवारचा पेपर

बाबा दवाखान्यात कंपाउंडर.
शनवारीही औषध द्यायचे, जिवासाठी चालतं म्हणायचे,
पण बाटलीवर डोसाची पट्टी लावायचे नाहीत.
कात्री, डिंक, लिहिणं सगळं सुदाम कोवे करायचा
आणि बाबा तोंडी सांगायचे, दोनदोनदा,
"जेवल्यावर एक, निजताना एक."

पाटीच्या एका अंगाला माझी बाराखडी,
दुसऱ्या अंगाला अलेफ, बेथ, गिमेल, उजवीकडून.
मी भलत्याच टोकाला सुरुवात करायचे.
ते ओल्या फडक्यानं पुसायचे.
"हात तुझाच आहे. वळव."

शाळेच्या हजेरीत सिप्पोराची शिप्रा झाली होती.
दहा पुरुष असले की प्रार्थना पुरी होते;
अख्ख्या तालुक्यात मोजले तरी
बाबा एकटेच भरायचे.

सातवीच्या स्कॉलरशिपचा पेपर शनवारी आला.
पनवेलहून काकांचं कार्ड : पोरीला बसवू नकोस.
बाबांनी कार्ड माझ्यापुढे ठेवलं,
नियम काय तो सांगितला,
गुरुजी काय म्हणाले तेही सांगितलं,
आणि बादली घेऊन हापशीवर गेले.
मला रागच आला.
नाही म्हणाले असते तर
रडता तरी आलं असतं.

शुक्रवारी दिवे लावताना म्हटलं, बसणार.
"बरं," म्हणाले.

एसटी सोडून आम्ही पायी निघालो,
तुरीच्या खुंटांमधून.
पेन, पट्टी, हॉलतिकीट माझ्या हातात.
त्यांनी काहीच धरलं नव्हतं.
शब्बाथला चालण्यालाही हद्द असते, दोन हजार हात;
आमची नाल्यापाशी संपायची.
तिथं ते थांबले.

धुणं आवरून उठलेली पार्बताबाई म्हणाली,
"काऊन जी, पोरीले एकटी धाडता?"
"आज माझं इथपर्यंतच आहे."
तिला काय कळलं कोण जाणे. "चाल वं माय,
मलेबी बजारात जाच हाये."
वळून पाहिलं तर बाबा बाभळीखाली,
सावलीसोबत सरकून बसत होते.

पेपरावर छापलं होतं :
योग्य पर्यायाभोवती गोल करा.

(चार मार्कांनी गेली ती स्कॉलरशिप.)

परतले तेव्हा अंधारत होतं.
बाबा त्याच जागी, धोतराला कुसळं,
मान वर करून मोजत होते.
एक. दोन.
मी पण थांबले.
तिसरा तारा दिसला तसा त्यांनी हात पुढे केला,
"दे आता ते पेन इकडे. दमली असशील."