अर्धा सेकंद

माझं काम आवाजाचं.
क्लीथॉर्प्सच्या धक्क्यावरचं जुनं थिएटर, मागच्या भिंतीला माझं टेबल,
चोवीस सरकपट्ट्या, एक मिणमिणता दिवा, थर्मासमधला चहा.
बाहेर ओहोटी. इथला समुद्र मैलभर मागे जातो
आणि नुसता चिखल ठेवतो बघायला.

आज लेन क्रॉपर. वय एक्क्याऐंशी.
निरोपाचा दौरा, तिसऱ्यांदा.
दारात दोन पोरी फलक धरून, शाई पावसाने ओघळलेली.
एकीने मला विचारलं, 'तुम्ही? आत काम करता, त्याच्यासाठी?'
म्हटलं, बाई, घराचा हप्ता आहे.
हे खरं. पण एवढंच खरं नाही.

लेनला मी नऊ वर्षांचा असल्यापासून ओळखतो.
स्मेदिकचा कामगार क्लब, शनिवारची रात्र,
धुरात छत दिसेना.
आप्पा ओतशाळेतून तसेच आलेले, नखांत काळी वाळू.
त्यांना रेगने आणलेलं, त्यांनी मला.
लेनने दुकानदाराचा विनोद सांगितला,
मान डोलावत, आमच्यासारखं बोलून
(म्हणजे आमच्यापैकी कुणीच बोलत नाही तसं).
क्लबने टेबलं बडवली.
आप्पाही हसले.
पण अर्धा सेकंद उशिरा.
आधी रेगकडे पाहिलं, मग.

शाळेत मला कुणी चिडवलं की म्हणायचे,
हसतील त्याचे दात दिसतील.
त्या रात्री त्यांनी तोंडावर हात धरला होता.

परतताना बसमध्ये विचारलं, एवढं काय होतं त्यात?
खिडकीबाहेर बघत म्हणाले,
'तो थांबतो कुठे, ते बघ.'
मी बघत राहिलो.
हा धंदा बहुधा तिथेच शिकलो.

एकदा आईला तो विनोद मराठीत सांगून पाहिला.
एक दुकान उरलं, एक माणूस,
रात्री अकरापर्यंत उघडा असलेला.
आई म्हणाली, 'मग? जेवतो कधी बिचारा?'

आज लेन आधी मेलेल्या बायकोवर बोलला.
मॉरीनची गरम पाण्याची पिशवी
अजून तिच्या बाजूलाच ठेवतो म्हणे,
आणि रात्री ती फुटली तेव्हा वाटलं, आली परत, भांडायला.
टेबलावरचे दिवे लालपर्यंत गेले.
माझ्या नाकातून चहा आला.
हे कुणालाही विचारून झालं नाही.

मग दुकानदार. तोच.
तीच मान, तीच जागा, एक, दोन,
आणि मला इथून फक्त पाठी दिसतात, अडीचशे माना.
त्या वळल्या.
प्रत्येक मान आधी शेजारच्याकडे.
नंतर हसली.

हशा पिकतो म्हणतात आपल्यात.
हा पावडर टाकून पिकवलेला,
वरून पिवळा.

आणि मी?
माझेही ओठ फाकले होते, कबूल करतो.
विनोदाला की त्या थांबण्याला,
ते कुठल्याच दिव्यावर दिसत नाही.
थांबणं अजून सुरेख आहे त्याचं.
वाईट वाटतं, पण आहे.

खेळ संपल्यावर कॉलरचा माईक काढायला गेलो.
मला तो जॅक म्हणतो. जालिंदर त्याने एकदा करून पाहिलं होतं,
मग आम्ही दोघांनी ते सोडून दिलं.
मानेची कातडी कागदासारखी, पावडर, घाम, पेपरमिंट.
हळूच म्हणाला,
'हसली का रे माणसं?
कान गेलेत माझे. मला नुसती उघडलेली तोंडं दिसतात.'

मी वायर गुंडाळत होतो.
'हसली,' म्हटलं. 'दुकानाला जरा उशिरा.'

'उशिरा म्हणजे किती?'
गवंड्याने गवंड्याला विचारावं, तसं.

मी सांगितलं.
त्याने खिशातून पेन्सिलीचं बुटुक काढलं
आणि सिगारेटच्या पाकिटावर
आकडा लिहून घेतला.