फरशीवर टॉवेल

ग्रिम्स्बी. जनावरांच्या दवाखान्यातला माझा तिसरा दिवस.
डॉक्टर हळूच म्हणाले, ‘पुट हिम डाउन.’
मी हीटरजवळ टॉवेल अंथरला,
बार्नीला उतरवून घ्यायला हात पुढे केले.
मिसेस ऑलरनशॉ पट्टा सोडेनात.

आपलं ‘खाली’ टेबलाखाली, पलंगाखाली,
नामाला चिकटून निमूट बसणारं.
इथलं क्रियापदाशी संगनमत करतं
आणि दोघांच्या मधे सापडतो ‘हिम’,
तेरा वर्षांचा, एका डोळ्याने आंधळा,
माझा हात चाटणारा.

रात्री आईला फोनवर सांगितलं,
त्याला मारून टाकलं.
आणि तिथंच अडखळले.
टाकलं? कुठं?

आई म्हणाली, विसरून जा.

टॉवेल पिशवीत तसाच,
एकही केस न लागलेला.