चार दहा

आधी समुद्र लावून पाहिला.
लाटांनी माझा डावा कान खाल्ला.
मग पुस्तकांचं कपाट. विनायकन म्हणाले,
हेच कपाट अकाउंट्समधल्या तिघांकडे आहे.

शेवटी आमच्याच भिंतीचा फोटो लावला,
आंबेगाव बुद्रुकच्या याच खोलीतला,
अण्णांची लोखंडी कॉट यायच्या आधीचा.
पिस्ता रंग, शोकेस, घड्याळात चार दहा.
कुणाला काही कळलं नाही.
फक्त एकदा कुणीतरी विचारलं,
पुण्यात नेहमी चार दहाच वाजलेले असतात का?
म्हटलं, सेल संपलाय. आणायचाय.

मागे अण्णा असायचे,
भिंतीच्या आत.
खोकले की मी म्यूट.
फिजिओच्या मोमीन मॅडम आल्या तरी
भिंत त्यांनाही गिळायची, चपलांसकट.

काल तिमाहीचे आकडे वाचत होते
आणि चौकटीतले सगळे चेहरे थांबले.
भिंतीतून एक हात निघाला होता.
अंगठा नाही, मनगटाशी पिस्ता रंग पाझरतोय,
चार बोटं, थरथरती. उजवा.

उजवा!
आठ महिने उशीवर ठेवल्यासारखा पडलेला.

चेन्नईहून विनायकननी, गोंधळून,
त्याला हात केला.

मी यादी उघडली.
समुद्र, कपाट, पूल, धूसर...
सगळ्यात पहिला पर्याय असतो ‘काही नको’.
इतके दिवस बोट तिथे गेलंच नव्हतं.

मागे कॉट, दोरीवर टॉवेल, औषधांचा डबा,
मोमीन मॅडमची घामेजलेली पाठ,
घड्याळात बाराला पाच कमी.

सॉरी, म्हटलं,
आकडे परत पहिल्यापासून वाचते.