रंग

सदुसष्ट सालची हेरल्ड, कुपवाडे वकिलांची.
मिरज मार्केटातून ढकलत आणली
दोन पोरांनी. त्यातला एक मी.

ब्रेक दाबला की इंडिकेटर मिणमिणतो,
हॉर्न द्यावा तर दिवे मान टाकतात,
आणि स्टार्टर नुसता टक् म्हणतो.
बॅटरी बदला, असं तिघांनी सांगितलेलं.
दोनदा बदललीही.

दस्तगीर मिस्त्रींनी सगळं ऐकून घेतलं.
मग खिशातून होल्डर निघाला, दोन वायरी लोंबणारा,
त्यात एक बल्ब. मीटर-बिटर काही नाही.
एक टोक प्लसला, एक बॉडीला:
तांबूस, विझत्या विडीगत.
तेच टोक उचलून थेट मायनसला:
लख्ख.

"करंट येतोय की, वकीलसाहेब.
परत जायला वाट नाही त्याला."

गाडीखाली सरकले. चपला तेवढ्या बाहेर.
हिरवी पडलेली अर्थिंगची पट्टी,
बोल्ट आवळलेला रंगावरच;
हौसेनं रंगवून घेतली होती ना दिवाळीत.
पॉलिश पेपर मागितला, मी दिला.
घासत राहिले,
रुपयाएवढा पत्रा उघडा पडेपर्यंत.

किल्ली फिरली. गाडी खोकली, लागली.
वकील पाकीट काढून उभे,
"नेमकं झालं काय होतं?"

मिस्त्री चिंधीला हात पुसत म्हणाले,
"रंग लई झालता."