हार्टसाइडचा चढ

"हिची ओढ गेलीय," काठी बॉनेटवर टेकवून
विनी टीझडेल म्हणाली.
"टर्बोचं काय ते पिळ, डिझेल वाढव.
पेनरिथच्या बाजारातून सहा मेंढे ट्रेलरात घालून
मला हार्टसाइड थर्डमध्ये चढायचाय."

तिचं वय अठ्ठ्याहत्तर, डिफेंडरचं अठ्ठावीस.
सकाळी दोघींचा घसा सारखाच बसलेला.

मी म्हटलं, आधी गार करू, मग जोर.
ती म्हणाली, दोन्हीचे किती ते सांग.

ऑल्स्टनमधल्या माझ्या शेडचं दार नीट लागत नाही.
ऑक्टोबरातच पाना बोटांना डसतो
आणि मी वाकून विचार करते तो उष्णतेचा.
इचलकरंजीकडे बाबा विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करायचे.
ते इंजिन उपसलेल्या पाण्यातलंच थोडं
स्वतःच्या अंगावरून फिरवायचं
आणि कोमट करून पाटात सोडायचं.
त्या कोमट पाण्यात मी पाय धुतलेत.
रेडिएटर म्हणजे काय, असं तेव्हा कुणी विचारलं असतं
तर मी सांगितलं असतं: ऊस.

इथे विहीर नाही.
साडेअकरा लिटर पाणी, तेच ते,
तापायचं, निवायचं, परत कामाला लागायचं.

जुना रेडिएटर उतरवला. जाळीत लोकर,
वाळलेला चिखल, एक गांधीलमाशी, अखंड.
तळातून चिकट तपकिरी गाळ आला.
वहीत लिहिलं: गंज.

नवा अॅल्युमिनियमचा, जाड.
प्लॅस्टिकच्या बुचाऐवजी पितळी बूच.
पंख्याचं कपलिंग बोटाने ढकललं तरी गरगरत होतं,
ते बदललं.
इंटरकूलर दीडपट.
आणि हे सगळं झाल्यावर, पंपाच्या झाकणाखालची पिन
पाव वळण.
अंथरूण पाहून पाय पसरावेत म्हणतात;
बाबा म्हणायचे, आधी अंथरूण वाढव.

डॅशबोर्डवरच्या जुन्या सुईवर माझा भरवसा नाही.
पाणी गळून गेलं की सेन्सर हवेत लोंबतो
आणि सुई मधोमध: ठीक आहे, ठीक आहे,
हेडला चीर जाईपर्यंत ठीक आहे.
अशा एकाशी मी नऊ वर्षं संसार केला.
म्हणून पाणी उतरलं की बोंबलणारा एक भोंगा बसवला,
आणि एक्झॉस्टच्या तोंडाशी एक नवा मीटर,
उद्धट, खरं बोलणारा.

मंगळवारी मेंढे घेऊन परतलो.
मेल्मर्बी मागे पडलं, रस्ता वळू लागला.
पाचशे ऐंशी.
ट्रेलरात शिंग पत्र्यावर आपटलं.
सहाशे वीस.
विनीने मला पेपरमिंट दिली, स्वतः घेतली नाही.
सहाशे साठ, पाणी चौऱ्याण्णव,
पंख्याने गुरगुरून हवा ओढली,
सहाशे साठ,
सहाशे पंचावन्न.
गिअरच्या दांड्यावरचा तिचा हात
एकदाही खाली आला नाही.

माथ्यावर धुकं. मी बॉनेट उघडलं,
कारण नसताना. वाफ नाही, वास नाही,
गरम लोखंडाची टिकटिक फक्त.

तिने फ्लास्क काढला.
"लाळ्या-खुरकुताच्या पुढच्या वर्षी," म्हणाली,
"आमची सगळी जाळून झाल्यावर
नवी मेंढरं घेऊन विल्फ आणि मी इथूनच येत होतो.
त्या खालच्या वळणावर ही उकळली.
पाणी नव्हतं. त्याने अख्खा फ्लास्क
रेडिएटरात रिकामा केला.
दूध घातलेला. साखर दोन-दोन चमचे."

मला शेडमधला गाळ आठवला.
बोलले काहीच नाही.

"घे," ती कप पुढे करत म्हणाली,
"पण प्यायचा हं. ओतायचा नाही."

बिल अजून दिलेलं नाही.
फ्लशिंगचे पंधरा पौंड त्यात मांडलेत.
ते ठेवावेत की काढावेत, कळत नाही.