बाबल्या

ब्याण्णव वर्षं. पणतवंडं पाहिली.
शेवटच्या सकाळी दोन घोट पेज,
जिभेला लावायला सुक्या सुंगटांची चटणी,
आणि मग भिंतीकडे कूस.
तारामुंबरीत जो आला तो म्हणाला, सोना झाला.
मीही म्हणाले. म्हणायचं असतं.

डॉक्टरांनी कागदावर लिहिलं : वार्धक्य.
एखाद्या होडीचं नाव असावं तसं.

गुणाजी तांडेलासाठी घरात कुणी रडलं नाही.
सुना चहाच्या कपांचा हिशेब लावत होत्या,
नातू बर्फवाल्याला फोनवर सांगत होता,
आज लाँच जाणार नाही, उद्या बघू.
खाडीवर भरती आपल्या वेळेला चढत होती.

मग काठी टेकत धाकटा भाऊ आला.
सत्त्याऐंशीचा. कानात यंत्र.
पायरीवर बसला
आणि जत्रेत हात सुटलेल्या पोरासारखा
तोंड उघडं टाकून रडला.

लोक समजावू लागले :
आजोबा, पिकलं पान होतं ते.
त्याने यंत्र काढून खिशात टाकलं.
"पिकला होता, म्हायत आसा माका.
पण आता माका बाबल्या म्हणान
हाक मारणारो कोण रवलो?"

मी माझं सोनं मुकाट गिळलं.

ओटीवर गुणाजीचं जाळं पसरलेलं,
एक डोळा अर्धाच विणलेला,
त्यात सुई.
बाबल्याने ती उचलली,
अंगठ्याने दोरा चाचपला,
दादाची गाठ ओळखली बहुतेक,
आणि होती तिथेच
परत ठेवली.